मागच्या ब्रेकचे दुखणे आणि बुजलेला ब्रीदर

एका खडकाळ उतारावर गाडी उभी करून मी हँडब्रेक शेवटच्या दात्यापर्यंत ओढला, पेडलवरचा पाय उचलला आणि गाडी वीतभर पुढे सरकली. पाय पुन्हा पेडलवर ठेवला, इंजिन बंद करून लो रेंजमधला पहिला गिअर टाकला, आणि सोबत असलेल्या मुलीला चाकाखाली दगड लावायला सांगितले. इतकेच घडले, परंतु उताराच्या शेवटी ओढा होता आणि त्या वीतभर सरकण्याचा अर्थ मला नीट कळला होता.

गाडी १९९६ सालची आहे. दोन्ही ॲक्सल सलग, चारही चाकांवर कमानपाटे, पुढे डिस्क ब्रेक (फिरणाऱ्या चकतीला दोन्ही बाजूंनी पॅड आवळतात) आणि मागे २२० मिलिमीटर व्यासाचे ड्रम ब्रेक (फिरणाऱ्या ड्रमला आतून शू नावाच्या कमानी दाबतात), अशी त्या काळातील लहान चार बाय चार गाड्यांची नेहमीची रचना. मागचे ब्रेक गेली दोन वर्षे कुरकुरत होते, हे मी आता कबूल करतो. हँडब्रेक ढिला वाटला की मी खाली झोपून केबलचा नट दोन फेरे आवळत असे आणि काम झाले असे समजत असे. पेडलही पूर्वीपेक्षा खाली जाऊन धरत होते, पण पाय त्याला सरावला होता. उतारावरच्या त्या प्रसंगानंतर घरी येऊन पाहिले, तर उजव्या मागच्या टायरची आतली बाजू काळसर ओली होती आणि चिखल वाळून तिच्यावर चंद्रकोरीसारखे थर बसले होते.

व्हील सिलिंडर, म्हणजे ब्रेक ऑइलच्या दाबाने शू ढकलणारा चाकातला भाग, गळतो आहे, हे निदान मी त्याच क्षणी करून टाकले. मागचे ड्रम काढून डिस्क बसवण्याचा विचार बरेच दिवस मनात होता, त्याला आता चांगले निमित्त मिळाले. वास्तविक पेडलच्या जोराने ऑइल चाकांकडे ढकलणाऱ्या मास्टर सिलिंडरच्या डब्यातील ब्रेक ऑइलची पातळी तसूभरही उतरलेली नव्हती, आणि एवढ्या एका गोष्टीवरून निदान चुकीचे आहे हे मला तिथेच कळायला हवे होते. पण सुटे भाग बदलायची हौस एकदा डोक्यात शिरली, की पुरावा समोर असूनही दिसत नाही.

डिस्कचा विचार सोडण्याची कारणे सांगतो, कारण हा मोह जुनी गाडी बाळगणाऱ्या बहुतेकांना होतो. ब्रेक लागताना गाडीचे वजन पुढे झुकते, त्यामुळे थांबवण्याचे बरेचसे काम पुढची चाकेच करतात. मागच्या चाकांवर त्या वेळी भार कमी असतो आणि तिथे ब्रेक गरजेपेक्षा जोरदार झाला, तर मागची चाके आधी जाम होऊन गाडी आडवी फिरते. म्हणजे मागचा ब्रेक नुसता ताकदवान करून भागत नाही, तो पुढच्याच्या प्रमाणात राहावा लागतो. दुसरे असे, की डिस्कच्या कॅलिपरचा (पॅड आवळणाऱ्या चिमट्याचा) पिस्टन मोठा असतो आणि त्याला ड्रमच्या व्हील सिलिंडरपेक्षा जास्त ऑइल लागते. मूळ मास्टर सिलिंडर तेवढे ऑइल एका दाबात पुरवेलच असे नाही. ड्रमच्या लाइनमध्ये थोडा दाब सतत राखून ठेवणारी झडप असेल तर ती काढावी लागते, अन्यथा पॅड डिस्कला घासत राहतात. आणि सर्वांत अवघड प्रश्न हँडब्रेकचा. ड्रममध्ये पुढे जाताना फिरणारा ड्रम पुढच्या शूला स्वतःच आत खेचून घेतो आणि गाडी मागे घसरू लागली तर हीच भूमिका मागच्या शूकडे जाते, त्यामुळे हाताने ओढलेल्या केबलच्या माफक जोरावरही ड्रम गाडीला चढावर धरून ठेवू शकतो. डिस्कमध्ये हे आपोआप खेचले जाणे नाही. माझी तक्रार मुळात हँडब्रेकचीच होती. डिस्कच्या बाजूनेही बोलण्यासारखे आहे: ती पाण्यातून बाहेर आली की लवकर कोरडी होते, आणि तापली तरी पॅडपासून लांब जात नाही, तर ड्रम तापून फुगला की शूपासून दूर सरकतो आणि पेडल खाली जाते. लांबच्या उतारांवर जड ओझे घेऊन फिरणाऱ्याने डिस्कचा विचार अवश्य करावा. माझ्या गाडीला आहे तेच ब्रेक नीट चालवणे पुरेसे होते.

कामाला सुरुवात केली. पुढच्या चाकांना दोन्हीकडून पाचर लावली, मागचा ॲक्सल उचलून घोड्यांवर (आधाराच्या लोखंडी स्टँडांवर) ठेवला आणि हँडब्रेक सोडला. उजवा ड्रम निघेना. जुन्या ड्रमच्या कडेला न घासलेल्या लोखंडाची वरवंडी तयार होते आणि शू तिच्यात अडकतात, म्हणून आधी बॅकप्लेटच्या (ड्रममागच्या स्थिर पत्र्याच्या) खाचेतून पेचकस घालून ॲडजस्टरचे (शू ड्रमच्या जवळ राखणाऱ्या दांडीचे) दातेरी चाक मागे फिरवावे लागते. ते फिरवले, तरी ड्रम हलला नाही. ड्रमच्या तोंडावर दोन आटे पाडलेली छिद्रे असतात. त्यांत ८ मिलिमीटरचे दोन बोल्ट घालून आळीपाळीने अर्धा-अर्धा फेरा आवळत गेलो आणि मधून मधून लाकडी ठोकळा ठेवून हातोडी मारत राहिलो. अर्ध्या तासाने 'टक्' असा आवाज झाला आणि ड्रम हातात आला.

आतली धूळ फुंकर किंवा हवेचा झोत मारून कधीही उडवू नये. जुन्या लायनिंगमध्ये (शूवरच्या घासणाऱ्या थरात) ॲस्बेस्टॉस असू शकते आणि ती धूळ फुप्फुसात जाणे घातक आहे. मास्क लावून, सगळे ओले करून, फडक्याने पुसून ते फडके पिशवीत बांधून टाकणे, हीच पद्धत मी पाळतो. या वेळी मात्र उडायला धूळच नव्हती. शू, स्प्रिंगा, बॅकप्लेट, सगळ्यांवर काळा चिकट लगदा बसला होता आणि त्याला गंधकासारखा उग्र दर्प येत होता.

तो दर्प ओळखीचा होता. डिफरन्शियलमध्ये (ॲक्सलच्या मधल्या गिअरच्या गोळ्यात) घातले जाणारे गिअर ऑइल तसेच नाकात बसते. तरीही खात्री करावी म्हणून बोटावर थोडा लगदा घेऊन पाण्याच्या वाटीत बुडवला. ब्रेक ऑइल असते तर ते पाण्यात विरघळून दिसेनासे झाले असते. इथे तेलाचा तवंग वर येऊन रंग फेकू लागला. व्हील सिलिंडरची रबरी टोपी उचलून पाहिली, आत कोरडे. गळत होता तो ॲक्सलचा ऑइल सील, म्हणजे आतले तेल अडवणारी रबरी कडी, आणि मी ज्या भागाला दोन दिवस बोल लावत होतो तो निर्दोष होता.

सील तर जुना झाला असेलच, पण मागच्या वर्षीच मी तो बदलून घेतला होता, हे आठवल्यावर हात थांबला. वर्षभरात सील का जावा? उत्तर ॲक्सलच्या माथ्यावर होते. हाउसिंगवर बोराएवढा एक ब्रीदर असतो. गाडी चालताना आतले तेल तापते, हवा प्रसरण पावते आणि ती या ब्रीदरमधून बाहेर जाते. थंड झाल्यावर त्याच वाटेने परत येते. ती वाट बंद झाली तर वाढलेला दाब सर्वांत दुबळी जागा शोधतो, आणि ती जागा म्हणजे सीलची ओठासारखी पातळ कड. उलट, तापलेला ॲक्सल ओढ्याच्या गार पाण्यात शिरला की आतली हवा एकाएकी आकसते आणि त्याच सीलमधून पाणी आत ओढले जाते. माझा ब्रीदर मी पान्याने काढला तेव्हा त्याची टोपी फिरतच नव्हती. सुईने टोकरल्यावर आतून विटेसारखा कडक झालेला चिखल निघाला. डिफरन्शियलचा निचऱ्याचा बोल्ट उघडला, तर तेल दुधाळ करड्या रंगाचे होते, म्हणजे पाणी आत गेलेलेच होते. मागच्या वर्षी सील बदलणाऱ्याने ब्रीदर पाहिला नव्हता, आणि मीही त्याला पाहायला सांगितले नव्हते.

ब्रीदरच्या जागी मी आट्याचा नळीजोड बसवला, त्याला तेल सहन करणारी रबरी नळी जोडली आणि ती चॅसिसवरून वर नेऊन मागच्या दिव्याच्या पोकळीत, पाणी सहसा पोहोचणार नाही अशा उंचीवर सोडली. ॲक्सल वर-खाली होतो म्हणून नळीला मध्ये सैल झोल ठेवला. या सबंध दुरुस्तीतले हे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत आवश्यक काम होते.

शाफ्ट बाहेर काढायला सरकत्या हातोड्याची गरज पडली. बॅकप्लेटचे चार नट सोडल्यावर हातोड्याच्या पाच-सहा झटक्यांत बेअरिंगसह शाफ्ट बाहेर आला. बेअरिंग हाताने फिरवून पाहिले. खरखर नव्हती, म्हणून ते तसेच राहू दिले. सील ज्या जागी शाफ्टवर घासतो तिथे मात्र बारीक चर पडली होती, नख अडकेल एवढी. अशा चरीवर नवा सील कितीही चांगला बसवला तरी तो पुन्हा गळतो. त्यावर पातळ बाही चढवता येते, परंतु माझ्या हाउसिंगमध्ये सील दोन मिलिमीटर बाहेरच्या बाजूला ठेवण्याइतकी जागा होती, तेव्हा सपाट ठोकळ्याने तो तेवढाच बसवला आणि त्याची कड न घासलेल्या धातूवर आणली. कडेला आधी तेलाचे बोट फिरवले, कारण कोरडा सील पहिल्या काही फेऱ्यांतच जळतो.

तेल प्यालेले शू वाचवण्याचे अनेक गावठी उपाय सांगितले जातात. त्यांतला एक म्हणजे त्यांवर पेट्रोल ओतून पेटवून देणे. मी तो लहानपणी पाहिलेला आहे आणि तो करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. लायनिंग स्पंजासारखे तेल शोषते; वरून जळून कोरडे दिसले तरी पहिल्याच लांब उतारावर तापले की आतले तेल पुन्हा पृष्ठभागावर येते. शिवाय शू एका बाजूचे बदलून चालत नाही, दोन्ही चाकांचा जोर सारखा राहावा म्हणून दोन्हीकडचे बदलावे लागतात. ड्रमवर कमाल व्यास २२२ मिलिमीटर असा उठवलेला होता. मोजल्यावर उजवा २२०.८ आणि डावा २२०.६ भरला, पण उजवा किंचित लंबगोल झालेला होता. दोन्ही लेथवर हलके कातून घेतले, म्हणजे वरवंडीही गेली. कातल्यानंतर ड्रम साबणाच्या गरम पाण्याने धुतले, कारण लोखंडाचा कीस आणि हाताचे तेल नुसत्या फडक्याने निघत नाही.

उघडलेच आहे तर व्हील सिलिंडरही तपासावे म्हणून डावीकडचा खोलला. वरून कोरडा, पण पिस्टनच्या खालच्या बाजूला गंजाचे टोचे. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषते आणि ते पाणी सिलिंडरच्या तळाशी असाच गंज धरवते, त्यामुळे दोन्हीकडचे सिलिंडर बदलले. इथे माझी खरी परीक्षा झाली, कारण पाइपचा नट पाइपलाच गंजून चिकटला होता आणि नट फिरवताच पाइप पिळवटून तुटला. साध्या पान्याऐवजी नटाला जवळजवळ पूर्ण वेढणारा पाना वापरला होता, आदल्या रात्री तेलही सोडले होते, तरी व्हायचे ते झालेच. मग तांबे-निकेलच्या मिश्रधातूची नवी नळी कापली, नट आधी ओवला (हे विसरून पहिला तुकडा वाया घालवला) आणि मग दोन्ही टोके दुहेरी दुमडून फुलवली. मधला रबरी होजही बदलला. जुना होज बाहेरून धड दिसतो, पण आतून फुगलेला असला तर ऑइल दाबाने पुढे जाते आणि परत येत नाही, मग शू ड्रमला धरून राहतात.

जोडणी करताना मी नेहमी एकच बाजू उघडी ठेवतो, म्हणजे दुसरी बाजू पाहून स्प्रिंगांची जागा कळते. या वेळी त्या सवयीनेच मला फसवले असते. उजवीकडचा ॲडजस्टर साफ करून फिरवला, तर पाती दातेरी चाकाला ज्या दिशेने ढकलत होती त्या दिशेने तो लांब होण्याऐवजी आखूड होत होता. डावीकडे पाहिले, तिथेही तेच. पूर्वी कोणीतरी दोन्ही बाजूंचे ॲडजस्टर अदलाबदल करून बसवले होते. एका बाजूचे आटे उजवे आणि दुसऱ्या बाजूचे डावे असतात. दिसायला दोन्ही जुळ्या भावांसारखे, पण जागा चुकली की लायनिंग झिजेल तसा शू ड्रमकडे नेण्याऐवजी स्वयंचलित रचना त्याला मागे खेचत राहते. माझे पेडल का खाली जात होते आणि दोन वर्षे मी केबल का आवळत होतो, याचे उत्तर त्या दोन बोटांएवढ्या तुकड्यात होते. केबल ताणून मी तर दुखण्यात भरच घातली होती, कारण ताणलेल्या केबलने हँडब्रेकची आतली पट्टी मूळ जागी येतच नाही आणि ॲडजस्टरला दाता पकडायला मोकळीक उरत नाही.

ॲडजस्टर आपापल्या घरी गेले. बॅकप्लेटवर शू ज्या सहा उंचवट्यांवर सरकतात तिथे जुन्या शूंनी खाचा पाडल्या होत्या. त्या वेल्डिंगने भरून कानसीने सपाट केल्या आणि उष्णता सहन करणारे ग्रीस अगदी पुसट लावले. स्प्रिंगा नव्या घातल्या, कारण ताणून लांबलेली स्प्रिंग शूला पूर्ण मागे ओढत नाही.

एक गोष्ट राहिली होती आणि ती माझ्याच करणीची होती. काही वर्षांपूर्वी मी गाडी ५० मिलिमीटर उंच केली होती. मागच्या ब्रेकच्या वाटेवर चॅसिसवर एक झडप असते, तिची दांडी ॲक्सलला जोडलेली असते. मागे भार वाढून गाडी बसली की ती मागच्या ब्रेकला जास्त दाब देते, रिकामी गाडी वर उचलली गेली की कमी. मी गाडी उंच केली तेव्हा त्या झडपेला गाडी कायमची रिकामी वाटू लागली. मागे चार माणसे आणि सामान असले तरी मागच्या ब्रेकला तोकडाच दाब मिळत होता आणि पुढचे पॅड लवकर का झिजतात हे मला समजत नव्हते. दांडीचा ॲक्सलवरचा ब्रॅकेट तितक्याच अंतराने वर घेऊन तिचा मूळ कोन परत आणला.

हवा काढण्याच्या वेळी मुलगी पेडलवर बसली. "बाबा, दाबू?" "दाब. धरून ठेव." निपल (चाकाजवळचा हवा सोडण्याचा स्क्रू) अर्धा फेरा सोडायचा, नळीतून बुडबुडे बाटलीत येऊ द्यायचे, निपल बंद करायचा आणि मगच "सोड" म्हणायचे. पहिल्या चार-पाच वेळा तिने माझ्या सांगण्याआधीच पाय उचलला आणि बाटलीतले बुडबुडे परत आत गेले. नंतर आमची लय जमली. मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात केली, आणि ॲक्सल घोड्यांवर टेकलेलाच ठेवला, कारण चॅसिस उचलून ॲक्सल लोंबता ठेवला तर वर सांगितलेली झडप मागची वाट आवळते आणि हवा आतच अडकून राहते. ऑइल डॉट ४ प्रतीचे घातले. त्याचा उत्कलनबिंदू कोरडे असताना किमान २३० अंश सेल्सिअस असतो, ओल शोषल्यावर १५५ वर येतो. डॉट ३ साठी हेच आकडे २०५ आणि १४० आहेत. जुने ऑइल चहाच्या काढ्यासारखे निघाले. नवे निपलमधून स्वच्छ येईपर्यंत पाऊण लिटर गेले.

शेवटी क्रम पाळला: केबल पूर्ण सैल, मग ड्रममध्ये शू किंचित घासल्याचा आवाज येईपर्यंत ॲडजस्टर पुढे, तिथून दोन-तीन दाते मागे, पेडलवर काही वेळा पाय, आणि त्यानंतरच केबल. हँडब्रेक सहाव्या दात्यावर धरू लागला. ड्रम एकदा काढून दातेरी चाकाच्या एका दात्यावर आणि त्याच्या समोरच्या पातीवर पांढऱ्या रंगाचा ठिपका दिला आणि ड्रम पुन्हा बसवले.

नवे शू लागलीच जोरात वापरायचे नसतात. मोकळ्या सपाट रस्त्यावर ताशी ५० किलोमीटरवरून १०पर्यंत हलक्या पायाने वेग उतरवायचा, मध्ये थोडे अंतर चालवून ड्रम थंड होऊ द्यायचे, असे वीसेक वेळा केले. मग सुट्या मुरमावर ताशी २५ किलोमीटरवरून जोरात ब्रेक लावून पाहिला; मुलीने बाजूला उभे राहून पाहिले आणि पुढची चाके आधी थांबली असे सांगितले, जे मला ऐकायचे होते. डिफरन्शियलचे नवे तेलही मी २०० किलोमीटरनंतर पुन्हा बदलले, कारण पाणी एका वेळच्या निचऱ्यात पूर्ण जात नाही.

त्या उतारावर आम्ही परत गेलो तेव्हा हँडब्रेक सहाव्या दात्यावर ओढून मी पाय काढला आणि गाडी जागची हलली नाही. मुलीने तरी सवयीने दगड लावला. सुमारे हजार किलोमीटर झाल्यावर दोन्ही ड्रम पुन्हा उघडले. आत कोरडी करडी धूळ होती, टायरची आतली बाजू कोरडी होती, आणि पांढरा ठिपका दिलेला दाता पातीपासून उजवीकडे तीन, डावीकडे चार दाते पुढे, बरोबर दिशेने सरकला होता.